तारावाची लढाई

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानच्या ताब्यातील बेटिओ या तटबंद बेटावर समुद्रमार्गे केलेला हल्ला (२०–२३ नोव्हेंबर १९४३).

बेटिओ हे गिल्बर्ट बेटांतील (सध्याचे किरिबाती) तारावा कंकणद्वीपाचे (पहा : प्रवाळद्वीपे) सुमारे ३ किमी. लांबीचे बेट. मार्शल बेटांवरील पुढील चढाईसाठी तेथील धावपट्टी अमेरिकेला हवी होती. जपानी रिअर ॲडमिरल केइजी शिबासाकी यांच्या हाताखाली, कोरियन मजुरांसह, सुमारे ४,७०० माणसे होती. माडाचे ओंडके, वाळू व काँक्रीट यांच्या बंकरांवर अमेरिकन तोफमाऱ्याचा परिणाम मर्यादित झाला.

मेजर जनरल ज्युलियन स्मिथ यांची दुसरी मरीन डिव्हिजन खारकच्छाच्या बाजूने उतरली. भांगाच्या भरतीमुळे (पहा : भरती-ओहोटी) प्रवाळखडकावर पुरेसे पाणी नव्हते, पट्ट्यांवर चालणारी उभयचर वाहने खडक ओलांडून गेली, होड्या मात्र अडकल्या. त्यांतील सैनिकांना मशीनगनच्या माऱ्यात शेकडो मीटर पाण्यातून चालत जावे लागले. ७६ तासांत सुमारे १,००० अमेरिकन मृत्युमुखी पडले, २,००० हून अधिक जखमी झाले. बचाव करणाऱ्यांपैकी १७ जपानी सैनिक व १२९ कोरियन मजूर जिवंत राहिले.

या अनुभवातून दीर्घ तोफमारा, अधिक चिलखती उभयचर वाहने व पाण्याखालील अडथळे दूर करणारी पथके यांवर भर आला. ही पद्धत १९४४ मध्ये क्वाजालीन येथे वापरण्यात आली (पहा : दुसरे महायुद्ध).