वितळतारेपासून एमसीबीपर्यंत : वऱ्हाडी घराच्या भिंतीवरचा इतिहास

१/११
वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर (ता. तिवसा, जि. अमरावती) ही परंपरेने विदर्भाची प्राचीन राजधानी, रुक्मिणीचे माहेर. १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले आणि मातीच्या थरांतून जुन्या वस्तीचे अवशेष वर आले. आजचा धागा अशाच थरांविषयी आहे. मात्र हे थर जमिनीत नाहीत, ते घरातल्या विजेच्या बोर्डावर आहेत. चिनी मातीचा फ्यूज, बेकेलाइटचा स्विच आणि त्यांच्या शेजारी बसलेला एमसीबी. प्रत्येक थर एका काळाची साक्ष देतो.

२/११
वऱ्हाडात वीज प्रथम प्रकाश म्हणून आली नाही, ती आली तारायंत्रातून. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. वीजमंडलाच्या संरक्षणाची कल्पनाही तारायंत्राचेच अपत्य आहे. आकाशातल्या विजेपासून तारघर वाचवण्यासाठी मध्ये बारीक तारेचा तुकडा जोडावा, असे फ्रान्सच्या ब्रेगे यांनी १८४७ मध्ये सुचवले होते.

३/११
घरगुती वीजपुरवठ्यासाठी हीच कल्पना एडिसनने विकसित केली. १८९० मध्ये त्याला फ्यूजचे पेटंट मिळाले. तत्त्व साधे आहे: साखळीतला सर्वांत दुबळा दुवा कोणता असावा, हे आपणच आधी ठरवायचे. प्रवाह वाढला की वितळतार वितळते आणि भिंतीतली तार वाचते. पाठ्यपुस्तकातले अतिभार आणि लघुपरिपथन हे दोन शत्रू या एका तुकड्याने रोखले.

४/११
१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात अकोला जिल्ह्यातले पारसचे औष्णिक केंद्र उभे राहिले. पुढे १९८८-८९ च्या कुटीर ज्योती योजनेने गरीब घरांत एकेक दिवा लावला. इथेच एक पेच निर्माण झाला: तारा एका दिव्याच्या हिशेबाने टाकलेल्या, आणि कालांतराने त्यांच्यावर पंखा, टीव्ही, फ्रिज, कूलर असा सारा संसार येऊन बसला.

५/११
अशा घरात ‘किटकॅट’ फ्यूज वारंवार उडणारच. तो पुन्हा बांधायचा कोणत्या तारेने, हा निर्णय मात्र घरच्या माणसाच्या हाती होता. तो कंटाळून तांब्याच्या दोन-तीन जाड तारा पिळून बसवी. मग फ्यूज उडेना. पण साखळीतला दुबळा दुवा आता भिंतीतली जुनी तार झाली. ज्या घरात भाव वाढण्याच्या आशेने वर्षाचा कापूस भरून ठेवलेला असतो, तिथे तापलेली तार म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

६/११
हा मानवी मोह यंत्राच्या हाती लागू न देणारे उत्तर जर्मनीतल्या मानहाइममध्ये सापडले. ह्यूगो स्टोट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये छोट्या स्वयंचलित ब्रेकरचे पेटंट घेतले. त्यात दोन पहारेकरी असतात. अतिभाराने हळूहळू तापून वाकणारी द्विधातूची पट्टी हा पहिला. लघुपरिपथनात क्षणार्धात खेचणारे विद्युतचुंबकीय वेटोळे हा दुसरा. आजच्या एमसीबीचा खटका बोटाने वर धरून ठेवला तरी आतला संपर्क तुटतोच.

७/११
भारतात एमसीबीसाठी आयएस ८८२८ हे मानक १९७८ मध्ये आले; आज आयएस/आयईसी ६०८९८ लागू आहे. निवडीचा पहिला नियम इतिहासानेच शिकवला आहे: एमसीबी उपकरणाकडे पाहून नव्हे, तारेकडे पाहून निवडावा. तांब्याच्या १.५ चौ. मिमी तारेला दिव्या-पंख्यांसाठी ६ किंवा १० अँपिअर, २.५ चौ. मिमीला १६ अँपिअर, ही सर्वसाधारण पद्धत. १६ चा वारंवार पडतो म्हणून ३२ चा बसवणे, हे जाड तार पिळण्याचेच नवे रूप होय.

८/११
दुसरी गोष्ट अक्षराची. ‘बी’ प्रकार ३ ते ५ पट प्रवाहाला तत्काळ तुटतो, ‘सी’ ५ ते १० पटीला. सुरू होताना मोटर क्षणभर जास्त प्रवाह ओढते, म्हणून पंप, फ्रिज, एसी यांना ‘सी’ योग्य; दिवे आणि गिझर यांना ‘बी’ चालतो. तिसरी गोष्ट उष्णतेची. या मानकात एमसीबीचे मापन ३० अंश सेल्सिअसला धरतात. वऱ्हाडातला उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून पेटी उन्हात तापणाऱ्या भिंतीवर वा पत्र्याखाली नको; तिथे तो अकाली पडतो.

९/११
बसवण्याचे काम परवानाधारक तारतंत्र्याचेच. तरी आपण काय पाहावे? मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून मगच पेटी उघडली का? सिंगल पोल एमसीबी फेजमध्येच आहे का? तो न्यूट्रलमध्ये बसवला तर खटका खाली असूनही उपकरण जिवंत राहते. प्रत्येक स्क्रू घट्ट आहे का? सैल जोड तापतो, आणि एमसीबीला ते कळत नाही. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचले आहे का? कोणता खटका कोणत्या खोलीचा, हे लिहिले आहे का?

१०/११
आता सर्वांत महत्त्वाचे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या धक्क्याने माणसे दगावतात. लोखंडी टाकी, पाणी, ओले हात आणि अनवाणी पाय. माणसाचा जीव घ्यायला १०० मिलिअँपिअरहून कमी प्रवाह पुरतो. ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. त्याला ती गळती दिसतच नाही. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नव्हे. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहायला हवे. कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे, हा नियम तर कोणत्याही यंत्राहून स्वस्त.

११/११
तेव्हा आपल्या घरचा बोर्ड एकदा इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. तिथे कोणता थर आहे? चिनी मातीचा फ्यूज असेल तर त्याच्यात कोणती तार आहे? एमसीबी असेल तर त्याच्यावरचा आकडा तारेशी जुळतो का? आणि आरसीसीबी आहे का? झाकण मात्र स्वतः उघडू नका. ते तारतंत्र्याला बोलावून उघडायला सांगा. तेही कूलर बाहेर काढण्याआधी, होळीच्या सुमारास.