विजापुराहून आग्र्यास गेलेली तमाखू : साधी कीं सुगंधी ?

हिंदुस्थानांत तमाखूचा प्रवेश केव्हां व कोणत्या मार्गानें झाला ह्या प्रश्नाची चर्चा पूर्वीं पुष्कळ झाली आहे. कै. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं संस्कृत ग्रंथांतील उल्लेख चिकाटीनें धुंडाळून ती बरीच पुढें नेली. त्या चर्चेंत नवी भर घालण्याचा आमचा उद्देश नाहीं. आम्हांस मांडावयाचा मुद्दा लहान आहे व तो असा कीं, विजापुराहून जी तमाखू अकबराच्या दरबारांत गेली व जी बादशहानें प्रथमच तोंडाला लाविली, ती कोणत्या प्रकारची होती ? निव्वळ वाळविलेलें पान, कीं गूळ, मसाला व सुगंधी द्रव्यें घालून मळलेली गुडाखू ? प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु हुक्क्याच्या उत्पत्तीविषयीं जी एक कथा आजवर निःशंकपणें सांगण्यांत येते, ती खरी कीं खोटी हें ठरविण्यास त्याचा उपयोग आहे. शिवाय जुन्या कागदांतील नोंदींचा अर्थ लावितांनाहि तो उपयोगीं पडतो.

प्रथम ‘साधी’ ह्या शब्दाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. युरोप-अमेरिकेंत पाइप ओढणारे लोक तमाखूचे दोन वर्ग करितात : एक वरून वास व गोडी चढविलेली, आणि दुसरी तशी न चढविलेली. दुसऱ्या वर्गांत व्हर्जिनिया, बर्ली, तुर्की, लताकिया इत्यादि पानें येतात. ह्यांपैकीं लताकिया धुरावर सुकविलेली असल्यामुळें तिचा वास इतका उग्र असतो कीं, नवशिका तिला ‘बिनवासाची’ म्हणावयास धजणार नाहीं. तथापि ती मोडते साध्यांतच, कारण तो वास पानाच्या संस्कारांतला आहे, वरून घातलेला नाहीं. आम्हीहि साधी हा शब्द ह्याच अर्थीं वापरीत आहों. पानास स्वतःचा गंध असूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांत गूळ, फळांचा रस किंवा अत्तर मिसळलेलें नसावें, इतकाच अर्थ घ्यावयाचा.

आतां मुख्य साधनाकडे वळूं. असदबेग हा अबुल फजलच्या पदरचा मनुष्य. १६०२ सालीं अबुल फजलचा वध झाल्यावर तो बादशाही चाकरींत आला आणि १६०३ च्या सुमारास विजापुरास रवाना झाला. मीर जमालुद्दीन हुसेन तेथें रेंगाळला होता, त्यास परत आणावयाचें आणि शाहजादा दानियाल ह्यास नेमिलेली इब्राहीम आदिलशहाची कन्या बरोबर घेऊन यावयाचें, अशी ही कामगिरी होती. तिची हकीकत असदबेगानें स्वतः लिहून ठेविली आहे. चॅपमन ह्यांनीं एलियट साहेबांकरितां केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर एलियट व डाउसन ह्यांच्या ग्रंथाच्या सहाव्या भागांत (१८७५) अंशतः छापलें आहे; विजापूरच्या वकिलातीवर डॉ. पी. एम. जोशी ह्यांचा स्वतंत्र लेख १९५० सालच्या पोतदार गौरवग्रंथांत आहे.

असदबेग सांगतो कीं, विजापुरांत त्यास तमाखू आढळली. ती त्यानें हिंदुस्थानांत पूर्वीं पाहिली नव्हती. (हिंदुस्थान म्हणजे येथें अर्थातच उत्तर. दक्षिणेंतला माल उत्तरेंत नवलाचा ठरला, हें आम्हां दक्षिण्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.) ती बादशहास नजर करण्याकरितां त्यानें मोठा थाट केला. नळी अचीनची, म्हणजे सुमात्रा बेटांतली, तीन हात लांब, दोन्ही टोकांस जडाव व मीनाकाम. तोंडाशीं यमनी अकीकाची मोहरी. पेटविण्यास सोन्याचें पात्र. नळी ठेवावयास रुप्याची नळकांडी व तीवर जांभळी मखमल. आदिलशहानें दिलेल्या सुबक पानदानाच्या पिशवींत त्यानें तमाखू भरली आणि सर्व सरंजाम रुप्याच्या तबकांत मांडला. अचीन व यमन हीं नांवें पाहिलीं म्हणजे विजापूरच्या बाजारास दाभोळादि बंदरांतून कोठकोठचा माल येत असे ह्याचीहि कल्पना येते.

आमच्या प्रश्नाचा उलगडा ह्याच वर्णनांतील एका लहानशा वाक्यांत आहे. ही तमाखू कशी होती हें सांगतांना असदबेग म्हणतो कीं, एक पान पेटलें कीं बाकीचीं आपोआप जळत राहत. हा गुण गुडाखूचा नव्हे. गुडाखू ओलसर व चिकट असते. तिला आपल्या बळावर पेटत राहतां येत नाहीं, चिलमीवर निखारा सारखा ठेवावा लागतो. ह्याची परीक्षा आम्हीं स्वतः करून पाहिली. एका तबकडींत वाळलेल्या तमाखूचा चुरा व दुसरींत गुडाखूची गोळी ठेवून दोहोंसहि काडी लाविली. चुरा धुमसत धुमसत राख झाला. गोळीचा पृष्ठभाग किंचित् काळवंडून, जळक्या गुळाचा वास मात्र खोलीभर करून ती विझली. इतिहासाच्या साधनांत दुकानदाराचा माल धरावा कीं नाहीं हा वाद आम्ही पंडितांवर सोंपवितों.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, सोन्याचें पात्र निखाऱ्याकरितांच असेल आणि निखारा असल्यास गुडाखू कां नसावी ? परंतु पात्र निखाऱ्याचें होतें असें धरलें तरी पानाविषयींचें वाक्य उरतेंच, आणि त्यांत ‘पान’ म्हटलें आहे. गुडाखूंत पान ओळखूं येत नाहीं. शिवाय तमाखू एकेका भरणीपुरती वेगळी करून ठेविली होती, पण वर्णनांत गूळ, गुलाब, कस्तुरी ह्यांचा उच्चार नाहीं. मोहरीच्या अकीकाचा आकारसुद्धां नमूद करणारा मनुष्य सुगंधाविषयीं मौन धरील, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. वर्णनांत पाण्याच्या भांड्याचाहि पत्ता नाहीं. तात्पर्य, बादशहापुढें गेला तो सरळ लांब नळीचा पाइप होता, हुक्का नव्हे. व त्यांत साधें पान होतें.

हें मान्य झाल्यास अकबराच्या प्रकृतीस अपाय होऊं नये म्हणून हकीम अबुल फतह गिलानी ह्यानें धूर पाण्यांतून नेण्याची युक्ति काढली, ही प्रसिद्ध कथा टिकत नाहीं. खरें पाहतां ती कालगणनेवरच मोडते. अबुल फतह १५८९ सालीं वारला. असदबेगाचें तबक दरबारांत आलें तें त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं, आणि त्या वेळीं तमाखू दरबारास अपरिचित होती. मृत हकिमाच्या नांवावर शोध चढविण्याची हौस पुढील लेखकांची आहे. पाण्याच्या भांड्याचें स्पष्ट वर्णन आम्हांस सर टॉमस रो ह्याचा धर्मगुरु एडवर्ड टेरी ह्याच्या ग्रंथांत मिळतें. तो १६१६ पासून १६१९ पर्यंत येथें होता. ग्रंथ १६५५ त छापला. मातीचें लहान भांडें, खालीं पाणी, वर सुटी तमाखू व तिच्यावर जळता कोळसा, बाजूच्या तोटींत बारीक वेत किंवा बोरू, असें तो सांगतो. म्हणजे दहापंधरा वर्षांत पाणी व निखारा दोन्ही आलीं, पण तमाखू अजून ‘सुटी’ आहे. येथील लोकांस ती संस्कारून कडक करतां येत नाहीं, असाहि शेरा टेरी मारतो.

सुगंधी धूर मात्र ह्या देशास नवा नव्हता. चरकाच्या सूत्रस्थानांत धूमवर्तीचा विधि सविस्तर दिला आहे; अगरु, चंदन, गुग्गुळ, वेलदोडे इत्यादि द्रव्यें वाटून वर्ति करावी व ती नेत्रानें, म्हणजे नळीनें, ओढावी. नित्याच्या धूमपानास नळी छत्तीस अंगुळें, म्हणजे दीड हात, सांगितली आहे. असदबेगाची नळी बरोबर तिच्या दुप्पट भरते. बाणाच्या कादंबरींतील शूद्रक राजाहि भोजनोत्तर धूमवर्ति ओढतो. ह्या स्थळांवरून प्राचीन काळीं येथें तमाखू होती असें अनुमान करणारे लोक अद्यापि भेटतात. तें सर्वस्वी चूक आहे. तेथें सुगंध आहे, तमाखू नाहीं; विजापूरच्या पिशवींत तमाखू आहे, सुगंध नाहीं. दोहोंचा संयोग मागाहून झाला, आणि त्या संयोगाचें नांव गुडाखू. गुड व तमाखू मिळून झालेला हा शब्दच सांगतो कीं तमाखू आधीं आली व गूळ तिच्या मागून.

दरबारांत पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. हकिमानें मना केलें. बादशहानें असदबेगाचें मन राखण्यापुरते दोनतीन झुरके घेतले व नळी खान-इ-आजमकडे दिली. ज्या औषधाविषयीं आपल्या ग्रंथांत कांहीं नाहीं तें बादशहास देणें योग्य नव्हे, असें हकीम म्हणाला. त्यावर असदबेगानें, प्रत्येक चाल केव्हां तरी नवीच असते, असा युक्तिवाद केला व शाबासकी मिळविली. वाचकांचा कल बहुधा असदबेगाकडे होतो. परंतु तमाखूनें शरीराचा कसा नाश होतो हें विसाव्या शतकाच्या मध्यापासून वैद्यकानें सिद्ध केलें आहे. तेव्हां वादांत जिंकला तो असदबेग, पण खरा ठरला तो हकीम. अकबरानें तो नाद पुढें लावून घेतला नाहीं. अमीरांनीं मात्र मागून मागून तमाखू नेली, व्यापारी विकूं लागले, आणि १६१७ सालीं जहांगिरास मनाईचा हुकूम काढावा लागला. तो हुकूम कितपत पाळला गेला हें सांगावयास नकोच.

ज्यांच्या संग्रहीं खाजगीचे जमाखर्च, मोदीखान्याच्या यादी अथवा लग्नकार्याचे ताळेबंद असतील त्यांस आमची एक विनंति आहे. नकलून घेतांना ‘तमाखू’ व ‘गुडाखू’ हे शब्द एकच समजून एकाच्या जागीं दुसरा लिहूं नये. आणि गूळ, केळीं, गुलाबपाणी अशीं जिन्नसें तमाखूलगतच्या ओळींत आलीं असल्यास ती ओळ किरकोळ म्हणून न गाळतां, तारखेसह जशीच्या तशी उतरावी. तसेंच जो कागद आपणांस सोळाव्या शतकाच्या आरंभाचा म्हणवितो आणि ज्यांत पाहुण्यास गुडाखू दिल्याचा मजकूर आहे, असा कागद हातीं आल्यास त्याचा शिक्का व अक्षर पुन्हां एकवार उजेडांत धरून पाहावें.