सोडचिठ्ठी ते हुकूमनामा : विवाहविच्छेदाच्या कागदाचा इतिहास

विवाहविच्छेदासाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत, त्यांपैकी प्रत्येकामागे एक निराळा व्यवहार उभा आहे. काडीमोड ही कृती आहे. सोडचिठ्ठी हा लेख आहे. फारकत अथवा फारखत हा शब्द फारसीच्या द्वारे आला, आणि देणे फिटल्याचा किंवा हक्क सोडल्याचा लेख हाही त्याचा अर्थ होता. घटस्फोटाचा तर मूळ विवाहाशी संबंधच नाही. धर्मशास्त्रात पतिताला जिवंतपणीच मृत मानून त्याच्या नावे जलपूर्ण घट लवंडण्याचा जो विधी सांगितला आहे, त्याचे हे नाव. बहिष्काराचा हा शब्द पुढे कायद्याच्या मराठीत विवाहविच्छेदाला लागला.

प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र कागद हा आहे. तो कोणी लिहिला, कोणाला उद्देशून लिहिला आणि अखेर तो कोणाजवळ राहिला, हे पाहिले म्हणजे कायद्यातील स्थित्यंतर अधिक स्पष्ट होते.

ज्या जातींत पाटाची चाल होती, तेथे सोडचिठ्ठी नवऱ्याने बायकोला द्यावयाची असे. तिच्या आधारे स्त्री दुसरा पाट लावू शके. म्हणून ती जपून ठेवण्याची गरज स्त्रीलाच अधिक. या लेखाचा गाभा दोषारोप नसून मुक्तता हा होता. पण ती देणे न देणे बहुधा नवऱ्याच्या मर्जीवर असे. नवऱ्याच्या संमतीवाचून जातीने स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी दिली, तरी न्यायालय ती मानणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली दिला. त्यामुळे जातीचा अधिकार आटला, पण स्त्रीच्या हाती त्याऐवजी दुसरा मार्ग आला नाही.

पारशांसाठी १८६५ साली व ख्रिस्ती समाजासाठी १८६९ साली कायदे झाले होते. हिंदू स्त्रीला मात्र रूढीबाहेर विच्छेदाचा अर्ज दाखल करण्याची सोयच नव्हती. रखमाबाईंचा खटला या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८८४ साली दावा लावला तो पतीने, आणि तोही वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी. रखमाबाई प्रतिवादी होत्या. नांदावयास जा अथवा कारावास भोगा, असा हुकूम त्यांना १८८७ साली झाला. पुढल्या वर्षी पतीला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. त्यांना कैफियत देता आली. अर्ज करता आला नाही.

मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्याने व नंतर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही उणीव भरून काढली. आता पती अथवा पत्नी, कोणीही अर्जदार होऊ लागले, आणि कागद जोडीदाराला नव्हे, न्यायालयाला उद्देशून लिहिला जाऊ लागला. १९५५ च्या कायद्याच्या विसाव्या कलमानुसार अर्जात ज्या वस्तुस्थितीवर मागणी आधारलेली आहे ती स्पष्ट मांडावी लागते, उभय पक्षांत संगनमत नाही असे लिहावे लागते, आणि अर्ज सत्यापित करावा लागतो. जुन्या व्यवहारात उभयतांचा मेळ हे सोडवणुकीचे साधन होते. नव्या अर्जात तोच मेळ संशयास्पद ठरला. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा संयुक्त अर्ज मान्य केला, तेव्हा हा विरोध काहीसा निवळला. त्या अर्जानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा प्रत्येक प्रकरणी अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले.

तरीही सोडचिठ्ठी इतिहासजमा झाली असे मानणे चूक होईल. १९५५ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मिळणारा विच्छेद शाबूत ठेवला आहे. मात्र अशी रूढी त्या समाजात आहे, हे न्यायालयात प्रतिपादून सिद्ध करावे लागते. केवळ लेख, मग तो नोंदलेला का असेना, पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयावरून स्पष्ट आहे. मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेल्या सोडचिठ्ठीवर विसंबून जिने पुन्हा संसार थाटला, तिचा तो विवाहच या पुराव्याअभावी अवैध ठरू शकतो. हुकूमनाम्याला अशा साक्षीची गरज पडत नाही. दप्तरांतील या दोन लेखांचा अभ्यास करताना दोन्हींचे भाषांतर 'घटस्फोटाचा कागद' असे सरसकट करू नये, ते याचसाठी.