पाकिटावरचं नाव

मुंबई विद्यापीठाने 1971 साली टपालाने शिकवायला सुरुवात केली. पुढे मीही केळव्याला घरी बसून तशीच बी.ए. झाले. पोस्टमन पाठांचं पाकीट आणायचा. कामं आटोपली की रात्री उघडायचं!

2017 मध्ये ‘स्वयम्’ आलं, देशभरातले प्राध्यापक मोबाईलवर दिसू लागले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि अख्खं कॉलेजच फोनमध्ये शिरलं. पण दादाच्या घरी स्मार्टफोन एकच. तो वाडीतून परतेपर्यंत भाचीचा तास संपलेला असायचा.

शिक्षण घरात येणं वेगळं आणि मुलीच्या हातात येणं वेगळं. टपालाने कमी शिकवलं असेल. पण पाकिटावर नाव माझं होतं. फोन मात्र दादाचा होता.