हजेरीपट आणि काटा

यवतमाळ भागात कापूस वेचणीची मजुरी हजेरीवर नाही, किलोवर मिळते. रानात किती बाया होत्या हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पैसे मात्र संध्याकाळी काट्यावर जेवढा कापूस भरला तेवढ्याचे.

रक्तावरून गाठ ओळखताना आपण नेमके हजेरीवर पैसे वाटतो. अमुक प्रथिन वाढलं तर गाठीचा संशय. म्हणून प्रथिन अचूक मोजता आलं की काम झालं, असा समज डॉक्टरांतही रुळलेला आहे. पण ते प्रथिन विकर, म्हणजे एन्झाइम, असेल तर ते किती आहे आणि काय करतंय हे दोन वेगळे प्रश्न होतात. आपण पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहून मोकळे होतो.

प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्तात मोजतात ते पीएसए घ्या. हे मुळात प्रथिनं तोडणारं विकर. गोठलेलं वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. रक्तात उतरलं की त्यातलं बहुतेक अल्फा-१-अँटीकायमोट्रिप्सिन या प्रथिनाला जखडून निकामी होतं. रिपोर्टात हात बांधलेल्या मजुरांचीही हजेरी लागते. याहून बोलकं उदाहरण मेंदूच्या गाठींचं. काही ग्लायोमांत आयडीएच-१ या विकराच्या जनुकात बदल होतो आणि विकर भलतंच काम करू लागतं. पेशीत २-हायड्रॉक्सिग्लुटारेट साठतं. हे २००९ साली उघड झालं. २०१४ मध्ये बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळीच, काढलेल्या तुकड्यातला हा पदार्थ मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रानं ओळखून दाखवला गेला. मजूर कापूस सोडून दुसरंच काही वेचतोय, हे नुसत्या हजेरीपटावरून कसं कळणार?

आता क्रियाच मोजावी या म्हणण्याविरुद्धचा पूर्वपक्ष, आणि तो लेचापेचा नाही. अलेक्झांडर आणि एथेल गुटमन यांनी १९३८ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ॲसिड फॉस्फटेज वाढलेलं दाखवलं. ती तपासणी क्रियेचीच होती: विकरापुढे पदार्थ ठेवायचा, किती फोडला ते पाहायचं. पुढे पीएसए आलं आणि ती मागे पडली. शिवाय नमुना वेळेत आम्ल करून थंड ठेवला नाही तर हे विकर नळीतच थकतं. मे महिन्यातल्या यवतमाळच्या उन्हात नमुना नागपूरला दीडशे किलोमीटर पाठवायचा म्हटलं, तर पोचेपर्यंत क्रियेचं काय उरणार? प्रथिन निदान टिकतं तरी.

दुसरा घाव २००२ चा. रक्तद्रवाच्या मास स्पेक्ट्रोमीटरवरच्या नक्षीवरून अंडाशयाचा कर्करोग ओळखता येतो, ५० पैकी ५० रुग्ण सापडले, असा निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. केवढा गाजावाजा झाला! ह्यूस्टनच्या बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली, तेव्हा नक्षीतला फरक रोगापेक्षा नमुन्यांच्या हाताळणीतून आला असावा, असं दिसलं.

दोन्ही आक्षेप खरे. त्यांवरून काढलेला, क्रिया मोजूच नये हा निष्कर्ष खोटा. २००२ मध्ये कुणी क्रिया मोजलीच नव्हती, नळीतला पाचोळा मोजला होता. न्यूयॉर्कच्या पॉल टेम्पस्ट यांच्या गटानं २००६ मध्ये दाखवलं, की त्या पाचोळ्यातले बरेच पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, रक्त गोठताना सुटतात आणि मग विकरं त्यांची टोकं कुरतडत जातात. कर्करोगागणिक कुरतडण्याची तऱ्हा बदलते. पाचोळ्यात बातमी होती तर. फक्त कुरतडणं कधी सुरू झालं आणि किती वेळ चाललं, याचा हिशेब नव्हता.

तो हिशेब आपण घालून देऊ शकतो. ओळखीचं पेप्टाइड मोजून नमुन्यात घालायचं, ठरलेल्या तापमानाला ठरलेला वेळ ठेवायचं आणि आम्ल टाकून क्रिया थांबवायची. जर्मनीत मानहाइमच्या फिन्डआयझेन आणि नॉयमायर यांनी हीच वाट धरली. त्यात आणखी एक युक्ती करता येते: जो तुकडा तयार होणार, त्याचाच जड समस्थानिकांचा जुळा मोजून मिसळायचा. वागणूक तीच, वजन थोडं जास्त. यंत्रात दोन शिखरं शेजारी उमटतात आणि एकावरून दुसऱ्याचं प्रमाण निघतं. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात माप ठेवावं, तसं हे. ॲसिड फॉस्फटेजची जुनी, रंगावरून होणारी तपासणी फक्त काहीतरी फुटलं एवढं सांगायची. इथे तुकड्याच्या वजनावरून कात्री नेमकी कुठे लागली तेही कळतं.

राहिला प्रवासाचा प्रश्न. नवजात बाळांतल्या पॉम्पे या विकराच्या कमतरतेच्या रोगाची चाळणी अमेरिकेत टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावर होते. मास स्पेक्ट्रोमीटरनं विकराची क्रिया मोजण्याची मायकेल गेल्ब यांची पद्धत तिथे नित्याच्या कामात आहे. म्हणजे क्रिया प्रवासात मरतेच, हे खरं नाही. उन्हाचा आणि दमटपणाचा धोका या कागदालाही आहे. इथे पाठवणी कशी करायची ते इथेच बसवावं लागेल. संगीता भाटिया यांच्या गटानं २०१३ मध्ये याहून धीट वाट दाखवली: पेप्टाइड थेट उंदरांच्या शरीरात सोडायचे, गाठीच्या विकरांनी ते कापायचे आणि लघवीत उतरलेले तुकडे मास स्पेक्ट्रोमीटरनं मोजायचे. नळीत विकर टिकण्याचा प्रश्नच मिटतो. पण ते उंदीर होते, हे विसरून चालणार नाही.

खर्ऱ्यानं तोंडात आलेल्या गाठीसाठी यांतलं काहीच नको. तिथे टॉर्च आणि बायप्सी पुरे. माझा वाद आतल्या, न दिसणाऱ्या गाठींपुरता आहे. आणि त्यासाठी यवतमाळात उद्या यंत्र आणा, असंही मी म्हणत नाही. लॅबच्या फॉर्मवर 'नमुना घेतल्याची वेळ' असा एक रकाना असतो. तो बहुधा कोराच जातो. प्रथिन मोजणाऱ्याचं त्यावाचून फारसं अडत नाही; क्रिया मोजणाऱ्याला पहिला आकडा तिथलाच लागतो.