वाफेच्या इंजिनाची प्लास्टिक प्रतिकृती
पॉलिस्टायरिनचे सुटे भाग जोडून व रंगवून केलेली इंजिनाची लहान प्रतिकृती. १:८७ हे प्रचलित प्रमाण; पुण्यातील कोथरूडचे भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) अशा छोट्या गाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. विदर्भातून निवडावे असे इंजिन ‘शकुंतला’ या अरुंद लोहमार्गाचे: मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले ‘झेडडी’, १९९४ पर्यंत धावलेले. त्याच्या रुळांमधले ७६२ मिमी अंतर १:८७ प्रमाणात जेमतेम ९ मिमी होते.

खरी कसोटी बॉयलरची. दोन अर्धगोल भागांतली सांध्याची रेघ पुटीने भरून, ओल्या पॉलिशपेपरने पुसट होईपर्यंत घासावी लागते. रेघ राहिली तर उत्तम रंगही फुकट जातो. डिंक इथे चालत नाही, प्लास्टिक विरघळवून सांधणारे द्रावक लागते. चाके एका पातळीत बसली की नाही ते काचेवर ठेवून पाहावे. भाग साबणाच्या पाण्याने धुऊन आधी प्रायमर, मग रंग. निव्वळ काळा रंग लहान आकारात निर्जीव दिसतो, म्हणून त्यात थोडा राखाडी मिसळतात. धुराड्याला काजळी, चाकांना तेलकट तपकिरी आणि पाणी भरण्याच्या तोंडाखाली क्षारांचे पांढुरके ओघळ दिले की इंजिन राबलेले वाटते.