हृदयरोग ‘श्रीमंतांचा’, मरण मात्र गरिबाचं

“हार्ट अटॅक हा श्रीमंतांचा आजार. मजुराला कुठला आलाय?” बाभुळगाव तालुक्यात हे आजही ऐकायला मिळतं. आमच्या मते हा गैरसमज कुणाच्या तरी सोयीचा आहे. आजार श्रीमंतांचा ठरला की उपचारही श्रीमंतांच्या शहरात ठेवता येतो.

इतिहास काय सांगतो? लंडनच्या सरकारी नोकरांवरचा अभ्यास 1967 साली सुरू झाला. सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, बीपी यांचा हिशेब धरूनही ही दरी पूर्ण मिटली नाही. भारतासह 17 देशांचा मोठा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी शहरी लोकांत जास्त आढळल्या. पण हृदयविकाराचा किंवा मेंदूचा झटका आलेल्यांपैकी शहरात शंभरातले साडेतेरा, तर खेड्यात सतरा दगावले. “खर्रा सोडा, दारू सोडा” हे आम्हीही वस्तीत सांगतो, सांगत राहू. पण दोष फक्त सवयींचा असता, तर खेड्यातली माणसं जास्त का मेली?

हृदयाचा एक आजार तर पहिल्यापासून गरिबाचाच आहे. दाटीवाटीच्या घरात लहान मुलांना घशाचा संसर्ग होतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. युरोपात घरं आणि राहणीमान सुधारलं, तसा हा आजार पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता. म्हणजे धड घर हेही हृदयाचं औषध आहे. मग गावकुसाबाहेर कोंबलेल्या वस्तीला हे औषध कुणी नाकारलं? जातीनेच ना?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये, भोर समितीने अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे त्याचं सूत्र होतं. दर दहा ते वीस हजार लोकांमागे 75 खाटांचं रुग्णालय, हे त्याचं दूरचं उद्दिष्ट होतं. आज तीस हजार लोकांमागे सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र, हा आपला निकष आहे!

याच काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल 1944 मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला आणि 1948 मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. उपचार हा कामगाराचा हक्क ठरला. पण हा कायदा मुळात कारखान्यांसाठी होता. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई त्याच्या बाहेरच राहिली.

पुढे 1968 च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं, जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा. रुग्ण वाचला नाही, पण सरकारी दवाखान्याची ताकद दिसली. ती ताकद तालुक्यापर्यंत का आली नाही?

तालुक्यापर्यंत आलं ते कार्ड. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आली आणि 2017 पासून तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. या योजनेतून अनेकांची ऑपरेशनं झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कार्ड चालतं ते यादीतल्या रुग्णालयात. छातीत कळ आल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं काम करतं. बाभुळगावहून यवतमाळ, तिथून नागपूर, अशा ‘रेफर’च्या प्रवासात ते तास निघून जातात. फुल्यांचं नाव कार्डावर छापलं म्हणून हे अंतर कमी होत नाही.

म्हणून तरुणांनो, मोर्चाच्या निवेदनात नेमकं लिहा: प्रत्येक आरोग्य केंद्रात चालू ईसीजी मशीन आणि तो वाचणारी व्यवस्था, ग्रामीण रुग्णालयात गुठळीचं इंजेक्शन, बीपी-शुगरच्या गोळ्या बारा महिने, झडपांच्या रुग्णांना ठरल्या दिवशी पेनिसिलिन, वस्तीला पक्की घरं.

सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, असं संविधानाचं कलम 47 सांगतं. हे कलम कोर्टात बजावून घेता येत नाही. ते रस्त्यावर बजावून घ्यावं लागतं.

जय भीम!